शेजारच्या सेप्टिक टँकचे पाणी वाडीत येत असल्यास
मुंबईतील खाडीकाठच्या गोराईत आपल्या वाडीत पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या सेप्टिक टँकचे पाणी शिरते, काय करावे, असे आपण विचारले आहे आणि यावर एकाने टाकी वारंवार उपसण्याचा सल्ला दिला आहे. परंतु खाडीकाठी पावसात भूजल वर येते, शोषखड्ड्यात पाणी मुरतच नाही आणि टाकी भरताच ते पुन्हा आपल्याकडे वाहणार. टाकीत गाळ खाली बसतो, मात्र बाहेर पडणारे पाणी जंतुयुक्तच राहते, म्हणून मला आपल्या विहिरीची खरोखर काळजी वाटते; तिचे पाणी आधी तपासून घ्यावे. सलग 20 वर्षांच्या उघड वहिवाटीवर 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराचा हक्क) कायद्याखाली शेजाऱ्यांना असे पाणी सोडण्याचा हक्क सांगता येतो, तेव्हा वकिलाचा सल्ला घेण्यास विलंब करू नये. उपसा मात्र यंत्रानेच करवावा. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.