नवखी कंपनी आणि लायका

कॅमेरे बनवणाऱ्या जर्मनीच्या "लायकासमोर नवखी कंपनी टिकणार नाही" असं मत इथे मांडलं गेलं, ते पटलं नाही. डिजिटल रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) आधी आणला तो एप्सननं, २००४ साली आर-डी१; लायकाचा एम८ आला २००६ मध्ये. आता फ्रान्सची पिक्सी ही नवी कंपनी मैदानात आहे. तिच्या कॅमेऱ्याला मागे स्क्रीन नाही, फोटो मोबाइलवर बघायचे, आणि लायकाच्या एम माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) जुन्या लेन्स तशाच बसतात.

आपल्या नागपूरच्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या गर्दीत मला असाच कॅमेरा हवा. फोकसचं अंतर आधीच लावून ठेवायचं. व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीबाहेरचंही दिसतं, म्हणून पिवळी मारबत वळणावर येताना बोट तयार असतं.

काळजी आहे ती दुरुस्तीची. धक्का बसला की रेंजफाइंडरची जुळणी हलते, आणि ती नीट करून देणारा कारागीर मला सीताबर्डीत तरी सापडलेला नाही. कुणाच्या माहितीत असेल तर नक्की कळवा.