ब्रेस्ट रिडक्शनला मेडिक्लेम मिळतो का? कॅशलेस नाकारलंय

पुणेकरीण३४:
नमस्कार मैत्रिणींनो, घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय. वय ३४, दोन मुलं. मान खांदे पाठ गेली सहा वर्षं ठणकतायत, ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्यात, बोट बसेल एवढ्या. उन्हाळ्यात छातीखालची कातडी घामाने ओली राहून सोलवटते, मलम लावलं की आठ दिवस बरं मग परत तेच. प्लॅस्टिक सर्जन म्हणाले रिडक्शन करून घ्या, पण टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) 'कॉस्मेटिक', म्हणजे फक्त दिसण्यासाठीचं, म्हणून कॅशलेस नाकारलं. सासूबाई म्हणतात एवढ्यासाठी कशाला चिरफाड. पॉलिसीला पाच वर्षं झालीत. कुणाला मिळालाय का क्लेम?

डेस्कवाली_नाशिक:
मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर काम करते, अशा केसेस बघितल्यात. कॉस्मेटिक सर्जरी वगळायचा क्लॉज सगळ्या पॉलिसीत सारखाच असतो, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेला, पण लोक तो अर्धाच वाचतात! पुढे लिहिलंय की अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन चालतं, आणि तब्येतीला थेट व तातडीचा धोका असेल तर तो दूर करायला गरजेचे उपचार पण चालतात, फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं सर्टिफाय करायला हवं. तुमच्या सर्जनने काय लिहिलंय ते आधी बघा. नुसतं 'ब्रेस्ट रिडक्शन' लिहिलं असेल तर नाकारणारच. आणि पत्रात वजनाचा उल्लेख जपून, नाहीतर केस लठ्ठपणाच्या क्लॉजमध्ये ढकलतात, त्याच्या अटी वेगळ्या आहेत.

ठाण्याची_ताई:
अगं माझं झालंय दोन वर्षांपूर्वी, मला पण आधी नकारच आला होता आणि मी दोन दिवस रडत होते. मग कळलं की कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नसतं, आपण पैसे भरून नंतर रिइंबर्समेंट मागू शकतो. पण मिळेलच अशी गॅरंटी नाही, त्यामुळे पैशाची सोय बघूनच पाऊल टाक. मी ऑर्थोची चिठ्ठी, फिजिओच्या पावत्या, स्किनवाल्यांची तीन प्रिस्क्रिप्शन, फोटो सगळं लावलं, ऑपरेशन नोट्समध्ये किती ग्रॅम काढलं ते लिहून घेतलं आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडला. तरी पहिल्यांदा परत आलं, तक्रार केल्यावर पास झालं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोळ्या लाटताना मान दुखली नाही तेव्हा ओट्यापाशीच डोळे भरून आले गं.

कागदपत्रवाला:
ताई, नकार क्लॉजच्या नावासकट लेखी घ्या, फोनवरचं ऐकून गप्प बसू नका. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी), पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निकाल कंपनीला मानावाच लागतो.

पुणेकरीण३४:
आत्ताच कागद काढून बघितला, सर्जनच्या पत्रात दुखण्याबद्दल एक ओळ नाही! उद्या जाऊन सगळं सांगून नवीन पत्र मागते. फिजिओच्या जुन्या पावत्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, मुलं झोपली की काढते. ताई, तुझं पोळ्यांचं वाचून मला पण रडू आलं.