टामिया फ्रॉगचे मागचे ड्राईव्हशाफ्ट सारखे जातायत, काय करू?

मागचं_चाक:
मंडळी मदत हवीये. मामाने दुबईहून आणलेली टामियाची फ्रॉग ही रिमोटवर चालणारी गाडी आहे, १९८३ वालं ओरिजिनल मॉडेल, नंतर आलेली री-रिलीज नाही. माळ्यावरून काढून परत चालू केली, नवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बसवला, टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम बॅटरी) लावली, गाडी काय पळते म्हणून सांगू, पण मागच्या शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचं, षटकोनी टोक घासून गोल होतं आणि मग मोटर नुसती किंचाळते, चाक ढिम्म. कधी शाफ्टच निसटून गवतात जातो तो ताप वेगळाच. बाहेरून जुने पार्ट मागवून खिसा खाली झालाय. भोसरीत एखाद्या टर्नरकडून कडक स्टीलचे करून घेऊ का?

टॉर्क_तात्या:
थांब रे. शाफ्ट कडक केलास तर त्याची टोकं ज्यात बसतात ते कप जातील, कपही केलेस तर गिअरचे दात, जोर कुठेतरी निघणारच. मोटर कुठली आहे? आणि गाडी उचलून धरली की मागची चाकं किती लोंबतात ते बघ. चाक धरणारा आर्म पूर्ण खाली आला की शाफ्ट इतका तिरका होतो की षटकोनाच्या नुसत्या कडा कपात टेकतात. त्यात उडीत थ्रॉटल दाबलेला असेल तर चाकं जमिनीला लागताना सगळा झटका त्या कडांवर.

मागचं_चाक:
ब्रशलेस आहे, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेली. आणि हो, सोसायटीमागे मातीचा ढीग आहे, उड्या होतातच. शाफ्टच्या टोकांवरचे रबरी बूट फाटले म्हणून काढून टाकले.

टॉर्क_तात्या:
मग झालंच की! बूट आधी बसव, कपात बारीक माती गेली की पॉलिश पेपरच तो. साधी ब्रशवाली ५४० मोटर लाव, ही गाडी तिच्याच हिशोबाने बनलीय आणि तेव्हा निकॅड बॅटऱ्या होत्या, त्या लायपोसारखा एकदम करंट देत नसत. ईएससीचा पंच (सुरुवातीचा झटका) कमी कर. आणि मुख्य म्हणजे मागचा शॉक उघडून आतल्या दांड्यावर, पिस्टनच्या खाली, सिलिकॉन नळीचा ३-४ मिमी तुकडा घाल. चाक कमी लोंबेल, शाफ्ट सरळ राहील. तेल परत भरावं लागतं, कटकट आहे, पण खरा उपाय हाच.

पेटीतली_गाडी:
तात्यांशी सहमत, फक्त एक. २००५ च्या री-रिलीजचे शाफ्ट डॉगबोन आहेत, म्हणजे टोकाला आडवी पिन आणि खाचेचा कप. जुन्या गाडीत चालतात, पण घेताना गिअरबॉक्सकडचे आणि चाकाकडचे दोन्ही कप घे, षटकोनी कपात ती पिन बसणार नाही. उरलेले जुने शाफ्ट फेकू नकोस, विकायची वेळ आली तर ओरिजिनलला भाव आहे. आणि स्क्रू खोलताना जेआयएस (जपानी मापाचा) पेचकस वापर बाबा, साध्या फिलिप्सने डोकी सोलतात.

मागचं_चाक:
नळी फिशटँकवाल्याकडची चालेल का?

टॉर्क_तात्या:
दांड्यावर घट्ट बसली आणि शॉकच्या आत घासली नाही तर पळेल. दोन्ही बाजूला तुकडे मात्र एकाच मापाचे काप, नाहीतर गाडी वाकडी उभी राहील.