मदत हवी आहे : सहा बॉल पायथनसाठी रॅक – मेलामाइन, पीव्हीसी की धातूचा?

ऋतुजा_डॅलस

नमस्कार. टेक्सासमध्ये घरी सहा बॉल पायथन (बिनविषारी अजगराची जात) आहेत. दोन मोठ्या माद्या (४ फूट, १७०० ग्रॅमच्या वर), दोन नर (३ फूट) आणि दोन यंदाची पिल्लं (९० ग्रॅमच्या आसपास). सगळे काचेच्या टाक्यांत. एसीमुळे आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर जात नाही आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून रॅकचा, म्हणजे सापांचे टब कप्प्यांत सरकवून ठेवायच्या मांडणीचा, विचार चालू आहे. ४१ क्वार्टच्या (साधारण ३९ लिटर) सहा टबांसाठी हिशोब असा निघाला :

पीव्हीसीचा तयार रॅक, टब आणि हीट टेपसह (टबाखाली बसवायची विजेवर तापणारी पट्टी) ६४० डॉलर, वाहतूक १८०.
धातूचा रॅक, टब आणि टेपसह ९५०, वाहतूक २६०.
घरी मेलामाइनचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा, वर गुळगुळीत थर असलेला पत्रा) केला तर दोन पत्रे ११०, स्क्रू आणि कडेच्या पट्ट्या ४०, सहा टब १०८, टेप आणि जोडण्या ६०.

थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) तिन्हींत वेगळा विकत घ्यावा लागतो, साधारण १३०. एवढा फरक दर्जात खरंच आहे का? रॅक गॅरेजमध्ये ठेवला तर चालेल का?

नागझरी

आधी थर्मोस्टॅट आणि वाहतूक धरून दर टबामागचा आकडा काढा. मेलामाइन ४४८, म्हणजे टबामागे ७५. पीव्हीसी ९५०, म्हणजे १५८. धातू १३४०, म्हणजे २२३. पैसे कशाचे जातात ते आता बघू.

पाऊण इंची मेलामाइनचा ४ बाय ८ फुटी पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, अर्धा इंची फोम पीव्हीसीचा त्याच्या जेमतेम निम्मा. पण मेलामाइनचा खरा दोष वजन नव्हे, ओल. वरचा थर पाणी धरत नाही, आतला भुसा धरतो. कापलेली कड उघडी राहिली आणि टबातून मूत्र किंवा पाणी सांडलं, की कड फुगते. २-३ मिलिमीटर फुगली तरी टब अडकायला लागतो. म्हणून प्रत्येक कापाला पट्टी लावायची, आतल्या सगळ्या सांध्यांत बुरशीरोधक रसायन नसलेलं शंभर टक्के सिलिकॉन भरायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस तरी, साप आत ठेवायचे नाहीत.

पीव्हीसी ओलीला दाद देत नाही आणि उष्णता धरून ठेवतो. मात्र थर्मोस्टॅट बिघडून टेप पूर्ण ताकदीने चालू राहिली तर तो मऊ पडून वाकतो. धातूचा रॅक वर्षानुवर्षं टिकतो, धुवायला सोपा, माइट (सापाच्या अंगावरचे बारीक किडे) लपायला फटी कमी. पण बाजू उघड्या असल्याने उष्णता निघून जाते, खोलीच २५-२६ अंशांवर ठेवावी लागते. ज्यांच्याकडे पन्नास-शंभर साप आणि सापांची वेगळी खोली आहे, त्यांना तो परवडतो. सहा सापांसाठी ते २२३ वाया आहेत असं माझं स्पष्ट मत.

आता महत्त्वाचं. ४१ क्वार्टचा टब साधारण ३५ बाय १६.५ इंच, उंची ६ इंचांच्या किंचित वर. त्याचा कर्ण ३९ इंचांच्या आत येतो. तुमच्या माद्या ४८ इंचांच्या. त्या टबात कधीच सरळ पसरू शकणार नाहीत. माद्यांसाठी ४ बाय २ फुटांची, एकावर एक रचता येणारी पीव्हीसी घरं घ्या, पुढून उघडणारी. नरांना ४१ क्वार्ट चालेल. पिल्लांना ६ क्वार्टचे टब द्या. मोठ्या उघड्या जागेत लहान बॉल पायथन बिथरतो आणि खाणं टाकतो. म्हणजे सहा टबांचा रॅक तुम्हाला लागतच नाही. नरांसाठी दोन टबांचा आणि पिल्लांसाठी दोन टबांचा, असे दोन छोटे रॅक पुरतील, आणि ते मेलामाइनचे घरी करणं जमण्यासारखं आहे.

थर्मो_माधव

वरच्या सगळ्याशी सहमत. आग आणि भाजणं या दोन्ही गोष्टी उष्णतेच्या बाजूने येतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

टेपवर दर फुटाला किती वॅट ते छापलेलं असतं. टबाच्या मागच्या भागाखाली आडवी पट्टी घेतली तर एका कप्प्याला दीड फूट लागते. १० वॅटची टेप असेल तर चार कप्प्यांना ६० वॅट. लहानसा थर्मोस्टॅटही हे सहज पेलतो. पण चालू-बंद करणारा नको, ताकद कमी-जास्त करणारा घ्या. चालू-बंद प्रकारात टेप पूर्ण तापते, मग पूर्ण थंड होते, आणि टबाचा तळ त्याच्याबरोबर वर-खाली होत राहतो.

फळीत टेपच्या रुंदीची दीड-दोन मिलिमीटर खोल खाच राउटरने काढा आणि टेप त्यात बसवा. खाच नसेल तर टब आत-बाहेर करताना टेप घासून सोलली जाते. टेपला घडी घालू नका, घडीजवळ ती जास्त तापते. कापलेल्या टोकांवर तांब्याच्या पट्ट्या उघड्या राहतात. तिथे विजेचं इन्सुलेशन लावा, टेप चिकटवायची ॲल्युमिनियमची चिकटपट्टी त्या टोकांना लागता कामा नये, शॉर्ट होतं.

प्रोब (थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं टोक) टब आणि टेप यांच्यामध्ये, टेपला चिकटवून. टबाच्या आत ठेवला तर साप त्यावर बसतो, पाणवाटी उलटते, किंवा साफसफाईत तो बाहेर राहतो. मग थर्मोस्टॅटला खोली थंड वाटते आणि टेप पूर्ण ताकदीने चालू राहते. पोट भाजलेल्या बहुतेक सापांमागे हेच किंवा थर्मोस्टॅटच नसणं, हे कारण असतं. टेपवर कितीचा आकडा ठेवायचा हे टबाच्या तळाचं तापमान मोजून ठरवा. आत, कोरड्या बिछान्याखाली, ३१-३२ अंश सेल्सियस (८८-९० फॅरनहाइट) हवेत, थंड टोकाला २५-२७. इन्फ्रारेड गनने चकचकीत चिकटपट्टीवर मोजू नका, तिथे आकडा खोटा येतो. टबाचं प्लॅस्टिक मोजा.

एक प्रोब सगळ्या कप्प्यांना चालवतो, म्हणून तो मधल्या कप्प्यात. वरचा कप्पा अंश-दीड अंश गरमच राहतो. शिवाय ३५ अंशांना वीज तोडणारा दुसरा स्वस्त थर्मोस्टॅट मालिकेत लावा. मुख्य यंत्र अडकलं तर तोच वाचवतो.

गॅरेजला ठाम नाही. उन्हाळ्यात गॅरेज तापलं तर थर्मोस्टॅट फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही.

ऋतुजा_डॅलस

माद्यांच्या घरांचं पटलं, ४ बाय २ ची दोन मागवते. टबांना झाकण नसतं, मग फट किती ठेवायची? आणि आर्द्रतेसाठी भोकं किती?

नागझरी

आधी टब विकत घ्या, प्रत्येक टब वेगळा मोजा, मगच फळ्या कापा. एकाच छापाचे टबही एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त निघतात. दोन टब जास्तीचे घ्या. कंपनीने साचा बदलला तर पुढे मापाचा टब मिळत नाही.

टबाची कड आणि वरची फळी यांत दीड ते तीन मिलिमीटर. पिल्लांना दीडच. डोकं गेलं की अंग जातं. टबाची पुढची कड मधे वाकून खाली जाते, तेव्हा फट टोकाला नाही, मधोमध मोजा. पुढून टब सरकू नये म्हणून आडवी दांडी लावा, आणि मागे टब अडवणारी पट्टी.

भोकं टबाच्या वरच्या अर्ध्यात, पाव इंची, लांब बाजूंना चार-चार. ड्रिलचा कंगोरा आतून घासून काढा. मग दोन दिवस आर्द्रता मोजा. ६० टक्के टिकली तर ठीक. भिंतींवर थेंब साचले तर दोन-दोन वाढवा. कमी भोकांनी सुरुवात करा, वाढवता येतात, बुजवायला त्रास होतो. बिछान्याला नारळाचा भुसा ओलसर ठेवा, पाणी दिसेल इतका ओला नको. सतत ओल्या तळावर पोटाच्या खवल्यांना फोड येतात.

नाशिकचा_वाचक

इथे हीट टेप मिळाली नाही, अमेरिकेतून आणली तर?

थर्मो_माधव

तिथली १२० व्होल्टची असते. २३० वर लावली तर वॅट जवळपास ३.७ पट होतात, १० वॅटची टेप ३७ वॅट ओढते. २३० व्होल्टसाठीचीच घ्या, किंवा पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा आणि थर्मोस्टॅटही त्याच बाजूला १२० चाच हवा.

दुसरं, बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधली जात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती अनुसूची ४ मध्ये येते आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. प्रत्येक टबावर नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवा.