मदत हवी आहे: सुट्टीच्या घरासाठी आलेली ही चौकशी खरी वाटते का?

आमचं एक घर आम्ही सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांना काही दिवसांच्या भाड्याने देतो. जाहिरात एका बुकिंग साइटवर आहे, शिवाय आमची स्वतःची छोटी वेबसाइटही आहे. तिथल्या फॉर्ममधून परवा चौकशी आली. मजकूर साधारण असा:

"नमस्कार, तुमची जागा मला कुटुंबासाठी हवी आहे. दिलेल्या तारखांना एकूण भाडं किती आणि पैसे कसे घेता ते कळवा. मी सध्या जहाजावर कामाला आहे, फोनवर बोलता येणार नाही."

मी भाडं कळवलं. लगेच उलट उत्तर आलं. रक्कम मान्य आहे, माझी कंपनी चेक पाठवेल. त्यातच आमच्या प्रवासाची सोय करणाऱ्या माणसाचे पैसे असतील. तुम्ही तुमचं भाडं ठेवून घ्या आणि उरलेले त्याच्या खात्यावर पाठवा. सोबत माझं पूर्ण नाव, पत्ता आणि बँक खात्याचा क्रमांक मागितला आहे.

मला खटकलं ते हे की दोन्ही मेलमध्ये घराचं नाव नाही, गावाचं नाही. नुसती 'जागा'. हाच मजकूर एखाद्या हॉलच्या किंवा ऑफिसच्या मालकालाही जसाच्या तसा पाठवता येईल. किती माणसं येणार, मुलं किती लहान आहेत, गाडी कुठे लावायची, जिना चढायला अवघड आहे का, यातलं काहीच विचारलेलं नाही. खरे पाहुणे याच प्रश्नांनी भंडावून सोडतात, भाड्यातही थोडी घासाघीस करतात. इथे मात्र सांगितलेला आकडा एका शब्दात मान्य!

पण मला कुणाला उगाच चोर ठरवायचं नाही. जहाजावर नोकरी करणारी माणसं असतातच. मोडक्यातोडक्या भाषेत लिहिणारे पाहुणे आमच्याकडे राहून गेलेत आणि घर लखलखीत ठेवून गेलेत. म्हणून विचारते. जास्तीचे पैसे पाठवून त्यांचा फायदा काय? चेक माझ्या खात्यात जमा झाला की पैसे माझ्याच हातात ना? आणि समोरच्याचा अपमान न करता खरं-खोटं तपासायचं कसं?

प्रतिसाद

ताई, पैसे पुढे पाठवायचं अजिबात मनावर घेऊ नका. ही जुनी आणि ठरलेली पद्धत आहे, ओव्हरपेमेंटची फसवणूक म्हणतात तिला. जहाजावरचा माणूस, हनिमूनला निघालेलं जोडपं, कॉन्फरन्सला येणारा डॉक्टर, पात्रं बदलतात. 'जास्तीचे पैसे तिसऱ्याला द्या' हे वाक्य कायम असतं.

तुमच्या प्रश्नातच त्यांचा फायदा दडलेला आहे. खात्यात रक्कम दिसणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं. कित्येक बँका चेक भरल्यावर रक्कम तात्पुरती जमा दाखवतात. चेक परदेशी बँकेचा असेल तर खरी वसुली व्हायला कित्येक आठवडे जातात. त्या मधल्या काळात तुमच्यामागे तगादा लागतो: ड्रायव्हरला आजच अ‍ॅडव्हान्स द्यायचाय, नाहीतर गाडी मिळणार नाही. तुम्ही स्वतःच्या शिलकीतून खरे पैसे पाठवता. पुढे चेक खोटा निघतो आणि बँक ती सगळी रक्कम तुमच्या खात्यातून वळती करून घेते. तुम्ही पाठवलेले पैसे तोवर काढूनही झालेले असतात.

कार्डाने पैसे आले म्हणूनही निर्धास्त राहू नका. कार्ड चोरीचं असेल तर खरा मालक तक्रार करतो. त्यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते, म्हणजे पाहुणे राहून गेल्यावरसुद्धा चार्जबॅक येऊ शकतो, बँक ते पैसे तुमच्याकडून परत काढून घेते. बुकिंग करायचं, लगेच रद्द करायचं आणि परतावा वेगळ्याच खात्यावर मागायचा, हा त्याचाच प्रकार. आम्ही एकच नियम पाळतो. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातील, तेही बँकेने पक्के झाल्याचं सांगितल्यावर. तिसऱ्या माणसाला काहीही नाही.

आणखी एक बघा. चेक पाठवायला नाव आणि पत्ता पुरतो. मग खात्याचा क्रमांक कशाला हवाय त्यांना?

अपमानाचं म्हणाल तर सगळ्यांना एकच उत्तर पाठवा, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. मी पहिल्याच मेलला लिहिते, "कोण कोण येणार, मुलांची वयं काय, अंदाजे किती वाजता पोहोचाल? आमचा जिना अरुंद आहे, बरोबर वयस्कर माणसं आहेत का?" खऱ्या पाहुण्याला बरं वाटतं, तो सविस्तर लिहितो. शेकडो लोकांना एकच मेल पाठवणारा यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही, तो पैशांवरच येतो. त्याच्या मेलमधलं एखादं वाक्य अवतरण चिन्हांत टाकून नेटवर शोधा, बरेचदा तेच वाक्य आधी कुणीतरी तक्रारीत टाकलेलं सापडतं. मेल आलेला पत्ता आणि 'रिप्लाय' दाबल्यावर येणारा पत्ता सारखा आहे का, तेही पाहा.

आणि तारखा अडवून ठेवू नका. या घोळात खरं गिऱ्हाईक निसटतं.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. मला मात्र चेकपेक्षा लिंकची जास्त भीती वाटते. चौकशीत लिहिलेलं असतं, "आम्हाला असं घर हवंय, फोटो इथे पाहा." लिंक उघडली की हुबेहूब बुकिंग साइटचं लॉगिनचं पान दिसतं. पासवर्ड टाकलात की तो चोराकडे. मग तो तुमच्या नावाने, तुमच्याच खात्यातून खऱ्या पाहुण्यांना उत्तरं देतो आणि भाडं स्वतःच्या खात्यावर मागवतो. ते कुटुंब मुलाबाळांसह, बॅगा घेऊन तुमच्या दारात उभं राहतं तेव्हा कळतं. पैसे त्यांचे गेलेले असतात, आणि त्यांच्या लेखी ते तुम्ही घेतलेले असतात.

त्यामुळे साइटचा पत्ता स्वतः टाईप करूनच लॉगिन करा. साइट आणि ईमेल, दोन्हींना टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, उदा. फोनवर येणारा कोड) लावा. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही न केलेला फॉरवर्डिंगचा नियम (तुमचे मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा) आहे का, ते अधूनमधून बघत जा. मेलमध्ये शिरलेला माणूस असा नियम लावून गुपचूप सगळं वाचत बसतो, पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहू शकतो. घराचे फोटोही इमेज सर्चमध्ये टाकून पाहा, दुसरंच कुणी ते वापरून तुमचं घर भाड्याने देत नाही ना.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मुलांची वयं, पोहोचायची वेळ, जिना, सगळं विचारून मेल पाठवला. उत्तर आलं: "चेक आज निघतोय, नाव-पत्ता तातडीने कळवा." मुलांबद्दल अवाक्षर नाही. मी पत्ता दिलेला नाही, तारखा मोकळ्या केल्या आणि पत्रव्यवहार जपून ठेवलाय. तरीही चेक आलाच तर काय करू? आणि साइटवरून चौकशी करणारे काही जण "व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, पैसेही थेट देतो" म्हणतात, त्यांचं काय?

प्रतिसाद

आला तर खात्यात भरू नका. पाकिटासकट बँकेत दाखवा आणि पोलिसांकडे तक्रार द्या, मेलच्या प्रती जोडा. साइटवरून आलेल्यांशी बोलणं आणि पैसे, दोन्ही साइटवरच ठेवा. बाहेर व्यवहार केला की वाद झाल्यावर साइट हात वर करते. खऱ्या पाहुण्याला याचं कारण सांगितलं की तो ऐकतो.