नागराज मंजुळे फँड्रीच्या पुढे गेला का?

बिनपगारी समीक्षक:
शिव्या पडल्या तरी चालतील पण बोलतोच. नागराजचा बेस्ट पिक्चर अजूनही फँड्रीच, नंतर तो सैल होत गेला. ते डुक्कर पकडायचं घ्या, अख्खं घर मागे धावतंय, आता सापडणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे आणि डुक्कर निघून जातं. असलं लिहायला रायटरच लागतो. आणि सैराटचा पहिला तास काय तर स्लोमोशन नि गाणी. 2016 ला सैराट, 2022 ला झुंड, मधे डायरेक्टर म्हणून एकही फुल लेंग्थ पिक्चर नाही, काय तर ॲक्टिंग आणि टीव्हीवर ‘कोण होणार करोडपती’चं सूत्रसंचालन. लिहिणाऱ्याने लिहावं ना राव.

मधली रांग:
गाणी म्हणजे सैलपणा हे कुणी सांगितलं? झिंगाटला थेटरात नाचलेली पब्लिक शेवटी एक शब्द न बोलता बाहेर पडत होती, ते पहिल्या तासामुळेच. तो तास कापला तर शेवटी पळून गेलेल्या जोडप्याचा खून ही नुसती पेपरातली बातमी होते. आणि हैदराबादचा भाग कोणी धड बघतच नाही. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला, परशा डोशाच्या गाडीवर, मग त्याचा संशय, हात उचलणं. पळून गेल्यावर पुढे काय होतं ते आपल्याकडचे लव्हस्टोरीवाले दाखवतच नाहीत, तिथे ‘समाप्त’ येतं.

पडदाफाड:
+1. आणि मधल्या वर्षांत काही केलंच नाही म्हणणं चूक आहे. पावसाचा निबंध याच काळातला, त्याला डायरेक्शनचं नॅशनल अवॉर्ड मिळालंय. नाळ पिक्चरचे डायलॉग त्याचे.

बिनपगारी समीक्षक:
अरे पण माझाच मुद्दा झाला की हा! पावसाचा निबंध शॉर्टफिल्म आहे. पिस्तुल्या पण शॉर्टफिल्मच. कमी जागेत हा माणूस जास्त धारदार होतो. झुंड तीन तासांच्या आसपास आहे, अर्धा तास आरामात उडवता आला असता. अमिताभ आला की झोपडपट्टीतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची जागा कमी होणारच.

आडवा प्रश्न:
झुंडमध्ये तर उलट आहे भाऊ. अमिताभ कडेला उभा राहतो, फ्रेम पोरांची असते. स्टार घेऊन त्याला बाजूला ठेवायची हिंमत किती जणांत आहे? बाकी मला वेगळाच प्रॉब्लेम आहे. लोक ह्याच्याकडून दरवेळी जातीवरच पिक्चर मागतात, आणि केला की म्हणतात परत तेच. बाकीचे डायरेक्टर वीस वर्षं एकाच सोसायटीतल्या नवरा-बायकोचं भांडण दाखवतात, त्यांना कोण विचारतं? जेऊरसारख्या गावातून आलेला माणूस तिथलंच लिहिणार ना.

बिनपगारी समीक्षक:
विषय बदल असं मी म्हटलंच नाहीये, वर जाऊन वाच. तक्रार लांबीची आहे, आणि लिहायचं सोडून बाकीचे उद्योग करण्याची आहे.

मधली रांग:
उद्योग कसले, फँड्रीत पण तो स्वतः होताच की, सायकलच्या दुकानातला चंक्या. तेव्हा चाललं, आता खटकतंय?

पडदाफाड:
आणि झुंडमधली एअरपोर्टची चेकिंग? पोरगं परत परत अडकतंय, कारण खिशातलं हत्यार सुटत नाही. सांग आता यातलं कापायचं काय.

बिनपगारी समीक्षक:
तो सीन ठेव. त्याच्या आधीची मॅच काप.