अल्टो 800 उंच करण्यासाठी स्प्रिंगा बदलाव्यात का?

संगमेश्वरकर

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची मारुती अल्टो 800 आहे. चार वर्षांपूर्वी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले, त्यामुळे डिकीत 60 लिटरचा सिलिंडर आहे. गाडी एरवी ठाण्यात चालते, पण महिन्यातून एकदा आम्ही चौघे संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी जातो आणि शेवटचे दोन किलोमीटर जांभ्याच्या कच्च्या रस्त्याने जावे लागते. पावसाळ्यानंतर टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. कंपनीने गाडीखालची मोकळी जागा 160 मिमी सांगितली आहे, परंतु माणसे आणि सामान भरल्यावर ती तेवढी राहत नाही हे उघड आहे. मागच्या खेपेला सायलेन्सरचा पाइप जोडापाशी सुटला. वडिलांचे वय 78 आहे आणि त्यांना उतरवून चढावर चालायला लावणे मला फार जिवावर येते.

एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी बफर घालण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी जाड तारेच्या स्प्रिंगा घडवून गाडी दीड इंच उचलून देतो असे सांगितले. यांपैकी काय करावे?

चिपळूण गॅरेज

दोन्ही आत्ताच करू नका. आधी गाडी नेमकी कुठे घासते ते पाहा. जॅक लावल्यावर तिला घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट टेकवा आणि मगच खाली शिरून ओरखडे तपासा. चेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीवर, ओरखडे असतील तर पुढच्या बाजूचा विचार करावा लागेल, कारण चेंबर पुढच्या चाकांच्या जवळ असतो आणि मागची बाजू कितीही उचलली तरी तो फारसा वर जात नाही. ओरखडे सायलेन्सरच्या मधल्या पाइपवर आणि मागच्या डब्यावर असतील, तर दोष बहुतेक बसलेल्या मागच्या स्प्रिंगांचा आहे.

त्यानंतर सपाट जागी, रिकाम्या गाडीत, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. असे मोजल्याने टायरमधील हवेचा फरक मापात येत नाही. ओळखीतल्या कोणाची सीएनजी नसलेली अल्टो 800 मिळाली, तर तिचीही मापे घ्या. आमच्याकडे उंच करण्यासाठी येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना मुळात होती तेवढीच उंची परत मिळाली तरी पुरते.

बफरविषयी माझे मत स्पष्ट आहे. तो ज्या दोन वेढ्यांत बसतो तो भाग काम करायचा थांबतो आणि त्याचा ताण बाकीच्या वेढ्यांवर पडतो. बफर घातलेल्या जुन्या स्प्रिंगा तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

स्प्रिंग अभ्यासक

जाड तारेबद्दल थोडे हिशेबाने सांगतो, कारण एक मिलिमीटरने काय होणार असे वाटणे स्वाभाविक आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 10 मिमीऐवजी 11 मिमी तार घेतली, वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवली, तर स्प्रिंग 46 टक्के अधिक कडक होते. समजा, मूळ स्प्रिंग गाडीच्या वजनाने 100 मिमी दबत असेल, तर नवी सुमारे 68 मिमीच दबेल आणि गाडी 32 मिमी उचलली जाईल. दीड इंचाचे आश्वासन साधारण याच मार्गाने येते. पण जुना शॉकअप मूळ स्प्रिंगच्या उसळीला आवर घालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे एकटे माणूस गाडीत असताना ती प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि ओल्या घाटात चाकाची पकड कमी होते.

याउलट तार आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून स्प्रिंग लांब घेतली, तर कडकपणा बदलत नाही, पण शॉकअप उभ्या गाडीतच अधिक ताणलेला राहतो. चाक खड्ड्यात उतरताना त्याला खाली जायला वाव उरत नाही आणि तो शेवटाला जाऊन आपटतो. पुढच्या बाजूला यात ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांचा कोन वाढतो, त्यांवरचे रबरी बूट लवकर फाटतात आणि अलाइनमेंट बिघडते. मागे अल्टोचा अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, अखंड आहे आणि त्याला आडवा लॅटरल रॉड धरून ठेवतो, त्यामुळे गाडी उचलताच अॅक्सल किंचित एका बाजूला सरकतो. हे सरकणे 25-30 मिमी उचलीला क्षुल्लक असते, पण त्यापुढे ते दुर्लक्ष करण्याजोगे राहत नाही.

गतिरोधकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक 3.7 मीटर लांब, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. अल्टोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर 2360 मिमी असल्याने त्यावर ती गाडी पोटाखालची फक्त 41 मिमी जागा गमावते. मनाला येईल तसा घातलेला आखूड गतिरोधक मात्र चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीने उभा राहतो.

टायर विक्रेता

टायरचा मार्गही लक्षात घ्यावा, कारण त्याने अॅक्सलसह सगळेच वर जाते. तुमच्या गाडीच्या मूळ 145/80 आर12 (म्हणजे 12 इंची रिमच्या) टायरऐवजी 13 इंची रिमवर 145/80 टायर घेतल्यास गाडी साधारण 12 ते 13 मिमी उंच होते. मात्र चाकाचा व्यास सुमारे पावणेपाच टक्के वाढतो, म्हणजे काटा 60 दाखवत असताना वेग जवळपास 63 असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरून टायर कुठे घासत नाही ना, हे आधी पाहावे लागते.

संगमेश्वरकर

मापे घेतली. सहकाऱ्याच्या पेट्रोल अल्टोपेक्षा माझी गाडी पुढे 6 मिमी आणि मागे तब्बल 31 मिमी खाली आहे. ओरखडे मधल्या पाइपवर आणि मागच्या डब्यावर आहेत. चेंबरवर फक्त एक जुना वण आहे.

चिपळूण गॅरेज

मग उत्तर मिळाले. पुढच्या स्प्रिंगांना हात लावू नका; स्ट्रटचे (पुढच्या स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीचे) वरचे रबरी माउंटिंग दबले असेल तर तेवढे बदला. मागे कंपनीच्या सीएनजी अल्टोसाठी असलेल्या स्प्रिंगा पार्ट क्रमांक जुळवून मागवा आणि त्यांच्याबरोबर शॉकअपची जोडी नवी घाला. स्प्रिंगा नेहमी जोडीनेच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

काम करून घेताना समोर उभे राहा. मागच्या आर्मच्या आणि लॅटरल रॉडच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळले पाहिजेत. चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ब्रेकचा होज (रबरी नळी) चाक पूर्ण खाली असताना ताणला जात नाही, हेही पाहा. पुढे माउंटिंगसाठी स्ट्रट उघडावा लागला, तर स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्यारांच्या) जोडीने स्प्रिंग दाबून ती बैठकीवरून सैल झाल्याशिवाय वरचा नट उघडू देऊ नका. तार गुंडाळून स्प्रिंग बांधणारे कारागीर आहेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा मोडतो.

संगमेश्वरकर

काम झाले. मागची बाजू 29 मिमी आणि पुढची, माउंटिंग बदलल्यामुळे, 5 मिमी वर आली. मागची बाजू वर आल्याने दिव्यांचा झोत खाली पडू लागला होता, तो पुन्हा लावून घेतला आणि अलाइनमेंटही तपासले. हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजले तेव्हा मागे 2 मिमी कमी भरले. गणपतीला चौघे सामानासह गेलो. सायलेन्सर एकदाही लागला नाही आणि वडील अंगणापर्यंत गाडीतूनच आले. वळणावरचा उंचवटा मात्र दोन ठिकाणी चेंबरला लागण्याच्या बेतात होता, तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन कुदळीने फोडून चाकोरीत भरला.